चढलेला खांदा

चिंगी माझी बहीण. सख्खी, माझ्या पाठची. आणि कात्री धरणाऱ्यांत या शहरात पहिल्या नंबरची. दुसरा नंबर कुणाचा ते मला माहीत नाही, चौकशी करायची गरजही कधी पडली नाही. उंचीचं म्हणाल, तर फडताळाच्या वरच्या खणातला डबा काढायला तिला अजून स्टूल लागतं. पण कापडाच्या थरांवर तिचा हात चालू झाला की बघणारा पापणी मिटायला विसरतो. आमच्या घराण्यात हात सगळ्यांचेच चांगले, माझेही काही कमी नाहीत. पण आमचे हात चालतात, तिचा पळतो.

आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं ते त्या हाताचंच झालं.

चिंगी होती युनिफॉर्मच्या कारखान्यात. पहारेकरी, नर्सा, वेटर, ड्रायव्हर, ज्याला ज्याला पोटासाठी दुसऱ्यासारखं दिसावं लागतं, त्या सगळ्यांचे कपडे तिथून जायचे. खाली कापडाच्या ताग्यांचं गोडाऊन, वर एक लांबच लांब खोली. खिडक्यांच्या बाजूला शिवणयंत्रांची रांग, आणि भिंतीच्या बाजूला कटिंगचं टेबल. टेबल कसलं, लाकडी पूलच तो. त्याच्या वर थोरल्या मालकांचा फोटो. थोरले मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती. माणूस ताडमाड. फोटोतही चौकटीत मावावं म्हणून जरा वाकूनच उभे राहिल्यासारखे दिसायचे. कारखाना त्यांनी याच टेबलावर उभा केला, त्यामुळे टेबलाला फार मान. दरवर्षी खोलीला रंग देताना टेबलाच्या पायांनाही हिरव्या रंगाचा हात बसायचा. पायांवर इतके थर झाले होते की आत लाकूड आहे की रंगच उभा आहे, सांगता आलं नसतं.

ते टेबल चिंगीच्या छातीशी यायचं.

म्हणजे बघा, कात्री जड, कापडाचे थर जाड, आणि जोर लावायचा तो हात खांद्यापासून वर उचलून. भिंतीवरून पलीकडे डोकावत कणीक मळायची, असला प्रकार. पहिल्या वर्षी चिंगीनं शक्कल लढवली. गोडाऊनमधली एक लाकडी पेटी आणली आणि तिच्यावर उभी राहिली. कटिंग मास्तरांनी ती पेटी पायानं सरकवून दिली.

"पेटीवर चढून कुणी मास्तर होत नाही चिंगे. जमिनीवर उभी राहा. टेबल आपल्याला घडवतं."

घडवलं होतं खरं. मास्तरांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला चार बोटं वर होता. लांबून बघितलं की वाटायचं, माणूस कायम "मला काय माहीत?" असं म्हणतोय. पण कारखान्यात त्याला कुणी व्यंग म्हणायचं नाही. 'खांदा चढला की मास्तर झाला,' अशी तिथली म्हणच होती. थोरल्या मालकांनंतर या टेबलाशी जो जो टिकला, त्याचा त्याचा खांदा चढला. जे टिकले नाहीत ते हात चोळत घरी गेले. त्यांना म्हणायचे, कच्चे निघाले.

आता चढलेल्या खांद्यावर कोट नीट बसत नाही. मग कारखान्यात त्यावर उपाय काय? अहो, उपाय त्यांच्या हातातलाच! उजव्या बाजूची शिवण उसवायची, डाव्या बाजूला आतून कापसाची गादी घालायची, की कोट सरळ. माणूस वाकडा आणि कोट ओळंब्यात. त्याचा मास्तरांना केवढा अभिमान! "बाहेरच्या माणसाला ओळखून दाखव म्हणावं," असं म्हणून छाती काढायचे. दुखणं झाकण्यात त्या खोलीतल्या लोकांचा हात कुणी धरला नसता.

मास्तरांची नजर अधू व्हायला लागली तेव्हा प्रश्न आला, पुढचा मास्तर कोण? धाकटे मालक, म्हणजे थोरल्यांचे चिरंजीव, दोन दिवस विचारात पडले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "चिंगीताईशिवाय आहे कोण?" मला विचारलं असतं तर दोन दिवस वाचले असते. त्या टेबलाशी आजवर बाईमाणूस मास्तर झालं नव्हतं. घरी पेढे नाही वाटले मी, पण ओळखीचा एक माणूस सोडला नाही सांगायचा.

आणि नेमक्या त्याच वेळी हाताला मुंग्या यायला लागल्या.

आधी रात्री झोपेत. मग सकाळी अंगठा आणि शेजारची बोटं बधिर, जशी दुसऱ्या कुणाची तरी आणून चिकटवलीत. मग खांद्यापासून मानेपर्यंत एक कळ, दोरा ओढल्यासारखी. चिंगीनं काय केलं? जे आमच्या घरात सगळेच करतात ते. अंगावर काढलं. बोलली असती तर पहिला प्रश्न आला असता, "मग मास्तरकी झेपणार का?" तो प्रश्न कुणाच्या तोंडून निघायला तिला नको होता. इतकी वर्षं छातीइतक्या उंचीवर हात उचलून मिळवलेली जागा, ती हात दुखतो म्हणून सोडायची?

पण दुखणं काही गप्प बसत नाही. हातातून कप निसटायला लागले. एक फुटला, दुसरा फुटला, मग ताटली आदळली. तिचा नवरा पोस्टात टपालाची छाननी करतो. साधा माणूस आहे. त्याला वाटलं, बायको भडकलीय. कशावरून ते काही सुचेना, तेव्हा त्यानं शहाण्या नवऱ्यासारखं कारण न विचारता शरणागती पत्करली. रोज रात्री भांडी घासायला लागला. चिंगीनं बघितलं आणि तोंडाला कुलूप लावलं. आयतं चाललंय तर चालू दे.

मग केसांचा अंबाडा घालायला हात वर जाईना. एका रविवारी दार लावून तिनं डाव्या हातानं केस कापून टाकले, पार मानेपर्यंत. सोमवारी कारखान्यात गेली तर यंत्रावरच्या बाया टाळ्या पिटायला लागल्या.

"आता मास्तरीणबाई होणार, मग फॅशन नको?"

"शोभतंय गं! कुठं कापलेस?"

"घरीच," चिंगी म्हणाली. ते तरी खरं होतं.

एकदा मात्र राहवलं नाही. दुपारी टेबलाशी ती आणि मास्तर दोघंच होते. ती हळूच म्हणाली, "मास्तर, खांदा फार दुखतोय हो हल्ली."

मास्तरांचा चेहरा असा उजळला, जणू कुणी बारशाचं सांगायला आलंय. गळ्यातला टेप काढून त्यांनी तिला भिंतीला टेकवून उभी केली, दोन्ही खांद्यांचं माप घेतलं आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असे ओरडले, "चढला! हिचाही चढला!" यंत्रं थांबली. लोक येऊन तिचा हात हातात घेऊन हलवायला लागले, तोच हात, आणि प्रत्येकाच्या शाबासकीबरोबर तिच्या डोळ्यांत पाणी येत होतं. लोकांना वाटलं, आनंदाश्रू. मास्तरांनी लगेच तिच्यासाठी निळा कोट बेतायला घेतला. उजवी शिवण सैल, डावीकडे गादी. नव्या मास्तरच्या हातात मानाची कात्री देतात, त्या दिवशी तो घालायचा.

ही सगळी भानगड उघडी पडली ती नवऱ्याच्या खोकल्यामुळे. पंधरा दिवस खोकत होता म्हणून चिंगी त्याला घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई पोक्त होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी छाती तपासली आणि औषधाची बाटली पुढं केली. "एक चमचा इथंच घ्या." चिंगी झाकण उघडायला गेली. झाकण फिरेना. दुसऱ्यांदा प्रयत्न केला तर बाटलीच हातातून गेली. ती नवऱ्यानं झेलली. कपांमुळे त्याला सवय झाली होती.

"काय काम करता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पत्रं लावतो," नवरा म्हणाला.

"तुम्ही नाही. या."

चिंगीनं सांगितलं. बाईंनी तिच्यासमोर ड्रेसिंगच्या कापडाची घडी ठेवली, कात्री दिली आणि म्हणाल्या, "कापून दाखवा, कारखान्यात कापता तसं." टेबल साधं, कमरेइतकं. चिंगीनं दोन घाव घातले असतील नसतील.

"खांदा का उचलला?"

"कुठं उचलला?"

बाईंनी मोबाइलवर फोटो काढला आणि तिच्यासमोर धरला. चिंगी बघतच राहिली. "अगं बाई," ती म्हणाली, "हे तर आमचे मास्तर!"

टेबल बुटकं होतं तरी तिचा खांदा उंच टेबलाशीच उभा होता. हे बघून मात्र ती घाबरली. दुखण्याला ती भ्यायली नव्हती. पण आपलं अंग आपल्याला न विचारता कामावर जातं, हे तिनं पहिल्यांदाच बघितलं.

बाईंनी मनगट दाबून बघितलं, टिचक्या मारल्या, बोटांना कापूस लावून विचारलं. मग सरळ सांगितलं. मनगटात शीर दाबली गेलीय. मान आणि खांदा आखडलेत, ते वर्षानुवर्षं हात उचलून जोर लावल्यामुळे. जोराचं काम कोपराच्या खाली असायला हवं, तुमचं छातीशी आहे. दीड महिना कात्रीला हात लावायचा नाही, मनगटाला पट्टा, हाताला विश्रांती, आणि टेबल खाली उतरवा.

"टेबल नाही उतरत," चिंगी म्हणाली. "थोरल्या मालकांचं आहे."

"मग हात उतरेल. आत्ता आला आहात तर बरा होईल. तसंच रेटलंत तर कात्री सोडा, चमचा धरता येणार नाही."

बाहेर आल्यावर नवरा बाटली खिशात घालून चालायला लागला. मग एकदम रस्त्यात थांबला.

"म्हणजे तू रागावलेली नव्हतीस?"

"नाही."

"अगं, मग मी इतके दिवस भांडी घासली ती कशाबद्दल?"

"मला काय माहीत? तुमच्या मनात काहीतरी असेल, म्हणून घासली असतील."

तो खोकत खोकत हसला. मग गंभीर झाला. "सांगून टाक उद्या."

"परवा कात्री देणार आहेत. ती एकदा हातात पडू दे. मग सांगते."

"आणि हातातून पडली म्हणजे?"

चिंगी पुढं चालायला लागली. बहीण माझी आहे. एकदा ठरवलं की ठरवलं. यात शहाणपण किती आणि हट्ट किती, हे मला विचारू नका.

कात्री द्यायच्या दिवशी खोली झाडूनपुसून लख्ख केली होती. धाकटे मालक कडक इस्त्रीत आले. त्यांच्या आई, थोरल्या बाई, काठी टेकत जिना चढून आल्या. नवऱ्याच्या माघारी त्या वर कधी आल्या नव्हत्या. खुर्चीत बसल्या, पण नजर टेबलावर खिळलेली. धाकट्या मालकांनी भाषण केलं, बाबांचं टेबल, बाबांची शिस्त, बाबांची परंपरा. प्रत्येक 'बाबा'ला मास्तर मान डोलवत होते. मग मास्तरांनी ती मोठी काळी कात्री चिंगीच्या हातात दिली. चिंगीनं अंगात निळा कोट घातला होता. तुम्हाला सांगतो, खांदे अगदी फूटपट्टीनं आखल्यासारखे!

"घाल पहिला घाव," मास्तर म्हणाले.

समोर खाकी कापडाचे थर, खडूची रेघ. चिंगीनं डाव्या हातानं थर दाबले, उजवा उचलला आणि चालू झाली. आणि हात पळाला हो! दुखत असूनही पळाला. रेघेवरून एक केसही न ढळता कात्री कचाकच सरकत गेली, वळणावर वळली आणि टोकाशी थांबली. टाळ्या झाल्या. चिंगीनं डावा हात मागं घेतला, तर तो येईना. कापड तिच्याबरोबर ओढलं जायला लागलं.

सगळ्यांनी वाकून बघितलं. नव्या कोटाची डावी बाही मनगटाशी थरांत सापडली होती, आणि खाकीबरोबर निळं कापडही चांगलं वीतभर कापलं गेलं होतं. आत मनगटावर लाल रेघ उमटली होती. कातडीवरची, उथळ, उजव्या खांद्याच्या कळेपुढं जाणवलीही नव्हती. पण उजव्या हाताच्या ज्या बोटांना एक सूत इकडचं तिकडे झालेलं कळायचं, त्यांना कात्रीत दुसरंच कापड आल्याचा पत्ता लागला नव्हता.

कुणीतरी हसलं. मग कुणीच हसलं नाही.

"घाबरली बिचारी," मास्तर घाईघाईनं म्हणाले. "बाही काय, आत्ता रफू करतो. कळायचंसुद्धा नाही."

"थांब," थोरल्या बाई म्हणाल्या. काठी टेकत उठल्या, मास्तरांच्या खिशावरची टाचणी काढून घेतली आणि चिंगीच्या उजव्या हाताच्या बोटाला टोचली. "कळतंय?"

आता खोटं बोलायला जागा नव्हती. आणि तिला वाटतं, ताकदही नव्हती.

"नाही कळत बाई," चिंगी म्हणाली. आणि मग सगळंच बोलली. मुंग्या, कप, केस, डॉक्टरीण, दीड महिना. बोलताना मालकांकडे बघतच नव्हती. शेवटी म्हणाली, "हे माहीत असून कात्री घेतली. तेवढा गुन्हा आहे. परत घ्या."

"टेबल उतरवायला सांगितलं?" धाकटे मालक चिडूनच म्हणाले. "बाबांचं टेबल आहे ते! या उंचीवर त्यांनी उभा जन्म काढला."

थोरल्या बाईंनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की माणूस एकदम शाळेच्या चड्डीत गेला.

"अरे, कसला उभा जन्म? हे टेबल चांगलं बसकं होतं. तुझे बाबा उंच, त्यावर वाकून वाकून त्यांची कंबर गेली. रात्री मला पाठीवर पाय द्यायला लावायचे. मग सुतार बोलावून पायांखाली ठोकळे ठोकले. तू रांगत होतास तेव्हा. खरवड तो रंग, बघ."

मास्तर कारखान्यात आले ते त्यानंतर. त्यांना हे नवीनच. ते गुडघ्यावर बसले आणि खिशातल्या चाकूनं टेबलाच्या पायाचा रंग खरवडायला लागले. हिरवा गेला, त्याखालचा हिरवा गेला, त्याखालचाही गेला, आणि सांधा दिसला. वर शिसवी पाय, खाली साधा लाकडी ठोकळा. इतक्या वर्षांची परंपरा म्हणजे एका माणसाच्या कंबरेवरचा इलाज. आणि तो इलाज बाकी सगळे न चुकता खांद्यावर घेत आले होते.

मास्तर तसेच जमिनीवर बसून राहिले. चाकू हातात. मग त्यांनी डावा हात आपल्या उजव्या खांद्यावर नेला आणि तो चाचपायला लागले, जणू तिथं कुणीतरी बसलंय.

"बापाचं नाव ठेव," थोरल्या बाई मुलाला म्हणाल्या, "दुखणं कशाला ठेवतोस? काढ ते ठोकळे."

"आणि मास्तर कोण होणार मग? हिचा हात तर..."

"ते तुझं तू बघ. मी जिना उतरते, त्याला मला वेळ लागतो."

चिंगी कात्री टेबलावर ठेवून घरी आली. मला कळलं तेव्हा मी आधी मालकांच्या नावानं बोटं मोडली, मग डॉक्टरीणबाईंच्या पाया पडायला निघालो, तर चिंगी म्हणाली, "दादा, गप्प बस जरा. उद्या जाते आणि काय ते ऐकून येते." रात्री भांडी नवऱ्यानंच घासली. या वेळी का, ते माहीत असून.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कारखान्यात गेली ती मनगटाला पट्टा बांधून, साध्या कपड्यांत. हिशोब मिटवून घरी पाठवतील असंच धरून चालली होती. दारातून बघितलं तर टेबल खाली आलेलं. ठोकळे कोपऱ्यात रचून ठेवलेले. टेबलाशी मास्तर उभे, हातात कात्री, समोर थर, आणि कापत काहीच नव्हते.

"ये. उशीर केलास," मास्तर म्हणाले. "मला रेघ नीट दिसत नाही, तुला कात्री धरायची नाही. मालक म्हणाले, मास्तर तीच, हात सध्या तुमचा वापरा. तेव्हा सांग, कुठून घालू?"

चिंगी टेबलाशी गेली. तिनं रेघ बघितली. "डावीकडून. जरा आत. हां. आता सरळ या." मास्तर तिच्या शब्दावर कापत निघाले. एक गठ्ठा झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला हात घालणार तोच ती म्हणाली, "थांबा."

"का? चुकलं?"

"चुकलं नाही. नुसतं थांबा. सगळेच थांबा. यंत्रं बंद करा, हात खाली सोडा."

यंत्रं बंद झाली. आणि मग त्या खोलीत जे झालं ते बघण्यासारखं होतं. थांबायचं कसं, हे कुणालाच माहीत नव्हतं. एक बाई रिकाम्या हातांनी दोरे गोळा करायला लागली. दुसरीनं झाडू उचलला. एक जण खिडकीशी जाऊन मोकळे हात बघत उभा राहिला, जसं कुणी दुसऱ्याचं सामान सांभाळायला दिलंय.

"झाडू ठेव! बसा म्हटलं ना!" चिंगी ओरडली.

यंत्राशी बसलं की हात आपोआप सुरू व्हायचे, आणि दुसरी बसायला जागा कुठं होती? शेवटी सगळे कटिंगसाठी वर आणलेल्या कापडाच्या ताग्यांवर बसले, ओशाळल्यासारखे, कार्यात उशिरा आलेल्या पाहुण्यांसारखे. मास्तरही टेकले. थोड्या वेळानं त्यांनी मान इकडे वळवली, तिकडे वळवली, एक लांब श्वास सोडला.

"बरं वाटतंय गं चिंगे," ते म्हणाले. "इतकी साधी गोष्ट. इतक्या वर्षांत कुणी कशी सांगितली नाही?"

"कोण सांगणार?" चिंगी म्हणाली. "इतकी वर्षं मास्तर तुम्हीच होतात ना!"